एक पार्किंग, दोन वाटा : व्हेल पासच्या हिवाळ्याचं प्रकरण

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडे उतरतो, कॉपर माउंटन मागे टाकतो आणि पुन्हा चढायला लागतो. चढ संपतो ती खिंड म्हणजे व्हेल पास. उंची १०,६६२ फूट, म्हणजे सव्वातीन हजार मीटर. एक्झिट १९० ने बाहेर पडलं की पार्किंग लागतं. हिवाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी सकाळी आठ वाजता तिथे नुसतं उभं राहिलं, तरी हे प्रकरण काय आहे ते कोणी सांगावं लागत नाही.

पिकअप ट्रकांच्या मागे लांबलचक ट्रेलर लावलेले असतात. त्यांवरून स्नोमोबाईल उतरवणं चालू असतं. इथले लोक तिला नुसतं 'स्लेड' म्हणतात. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि मध्ये इंजिन, वजन दोन-अडीचशे किलो. टू-स्ट्रोक इंजिन गरम होऊ लागलं की निळसर धूर आणि जळक्या ऑइलचा वास थंड हवेत जमिनीलगतच रेंगाळत राहतो. त्याच्याच शेजारच्या गाडीत कोणी डिकीच्या काठावर बसून स्कीच्या तळाला स्किन चिकटवत असतं. स्किन म्हणजे एका बाजूने चिकट आणि दुसऱ्या बाजूने मखमलीसारखी लव असलेली पट्टी. लव एकाच दिशेने बसते, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही आणि माणूस पायांच्या जोरावर डोंगर चढू शकतो. कोणाच्या पाठीवर दोन दिवसांचं सामान असतं, कारण त्याला रात्री हटवर, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या लाकडी घरावर, पोचायचं असतं. माझ्यासारखे काही जण पायाला स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून लावायचे रुंद तळ, बांधून तयार होत असतात.

सगळ्यांना शुल्क भरून पास घ्यावा लागतो, आणि निघतात सगळे एकाच तोंडातून. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत मात्र वाटा फुटतात : एक यंत्रवाल्यांची, एक पायांच्या जोरावर जाणाऱ्यांची. त्या आपोआप फुटलेल्या नाहीत. त्या कशा फोडल्या आणि ते काम देशभर लांबणीवर कसं पडत राहिलं, ते मला इथे सांगायचं आहे.

आधी जागेविषयी. हा भाग व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टमध्ये येतो. या जंगलाची सुरुवात १८९१ सालची, अमेरिकेतल्या अगदी पहिल्या राखीव जंगलांपैकी हे एक. विस्तार सुमारे २३ लाख एकर. व्हेल, ब्रेकनरिज, अ‍ॅस्पेन ही जगप्रसिद्ध स्की रिसॉर्टं याच जंगलाच्या जमिनीवर परवान्याने चालतात. पण रिसॉर्ट म्हणजे लिफ्ट, तिकीट आणि दाबून सपाट केलेला उतार. त्याबाहेरचं मोकळं डोंगराळ रान म्हणजे बॅककंट्री. व्हेल पासभोवतीचं असं सुमारे ५५,००० एकर रान हिवाळी मनोरंजन क्षेत्र म्हणून वेगळं आखलेलं आहे.

या रानाला इतिहासही आहे. दक्षिणेला काही मैलांवर कॅम्प हेल लागतं. दुसऱ्या महायुद्धात टेन्थ माउंटन डिव्हिजनचे सैनिक १९४२ पासून इथेच बर्फातल्या लढाईचे धडे गिरवत होते. युद्धानंतर त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी अमेरिकेतला स्कीचा खेळ उभा केला. त्यांच्याच नावाने १९८० मध्ये एक हट संघटना स्थापन झाली आणि १९८२ पासून डोंगरात लाकडी हट उभे राहू लागले. श्राइन माउंटन इन, फाउलर-हिलियर्ड हट, जॅकल हट, जॅनेट्स केबिन ही नावं इथल्या स्की करणाऱ्यांच्या तोंडी असतात, जशी आपल्या ट्रेकरांच्या तोंडी हरिश्चंद्रगडाची गुहा किंवा राजगडाची पद्मावती माची असते.

मी डेन्व्हरला आले तेव्हा बर्फ या विषयात कोरी होते. मराठीत फ्रीजमधला तो बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फच. भुसभुशीत, कोरडा, कमरेपर्यंत बुडवणारा जो प्रकार असतो त्याला इथे 'पावडर' म्हणतात. त्यावरच सगळ्यांचा जीव असतो आणि भांडणंही त्यावरूनच होतात. कारण पावडर संपते. उतारावर एकदा माग उमटले की पुढचा बर्फ पडेपर्यंत तो उतार वापरलेला. हे समजल्याशिवाय या वादातलं काहीच समजत नाही.

मला ते समजलं दुसऱ्या वर्षी, व्हेल पासपासून दूर असलेल्या एका जंगलात, जिथे अशी काहीच आखणी नव्हती. आम्ही चौघं पहाटे निघालो आणि अडीच तास चढून झाडं संपतात त्या रेषेजवळ पोचलो. समोर अर्ध्या किलोमीटरचा अस्पर्श उतार. थर्मासमधला चहा ओतेपर्यंत खालच्या दरीतून आवाज यायला लागला. आधी मधमाशीसारखा, मग करवतीसारखा. सहा स्लेड आल्या, उतारावर वर जाऊन वळसा घेऊन खाली, पुन्हा वर. वीस मिनिटांत सगळा उतार नांगरल्यासारखा झाला. त्यांच्यातल्या एकाने जाताना आम्हाला आनंदाने हात केला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि नियमाने त्याचं काही चुकलंही नव्हतं, कारण तिथे नियमच नव्हता. त्याला आमच्यामुळे काही अडचण झाली नव्हती. आमचा मात्र दिवस संपला होता.

एकतर्फीपणा हा या वादाचा कणा आहे आणि तो माझ्या एकटीच्या रागातून आलेला नाही. मिनेसोटात १९७३ साली, पुढे कॅनडातल्या अल्बर्टामध्ये १९८२ साली एडगर जॅक्सन आणि रॉबर्ट वाँग या अभ्यासकांनी स्की करणाऱ्यांना आणि स्नोमोबाईलवाल्यांना एकमेकांविषयी विचारलं. दोन्हीकडे चित्र तेच निघालं. स्की करणाऱ्यांना यंत्राचा त्रास होतो, यंत्रवाल्यांना स्की करणाऱ्यांचा फारसा होत नाही. एका मांडवात ढोलपथक आणि कीर्तन एकाच वेळी लावलं तर ढोलवाले म्हणतील, आमची काही हरकत नाही, बुवांनी खुशाल करावं कीर्तन. ते खरंच बोलत असतील. म्हणूनच 'सगळ्यांना सगळीकडे मोकळीक' हे वाक्य ऐकायला कितीही समतेचं वाटलं तरी प्रत्यक्षात त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. काही वर्षांत स्की करणारे ती जागा सोडतात. मग पाहणी केली की तिथे स्लेडच दिसतात, आणि अधिकारी म्हणतात की इथे वाद नाही.

पूर्वी हा प्रश्न एवढा टोकदार नव्हता, कारण यंत्रालाच मर्यादा होती. जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांची स्की-डू १९५९ मध्ये बाजारात आली. त्या काळच्या आणि नंतरच्याही बऱ्याच स्लेड खोल पावडरमध्ये रुतायच्या. त्या रस्त्यावर, दाबलेल्या वाटेवर चालायच्या. उभे उतार, झाडांमधल्या मोकळ्या जागा आपोआपच पायी जाणाऱ्यांकडे राहायच्या. मग पट्टे लांब झाले, त्यांवरची रबरी पाती तीन इंचांपर्यंत उंच झाली, इंजिनं ताकदवान झाली. आजची माउंटन स्लेड जिथे चढू शकत नाही अशी जागा शोधावी लागते. इकडे स्कीही रुंद आणि हलक्या झाल्या आणि बॅककंट्रीत नवशिके वाढले. कोलोरॅडोची लोकसंख्या १९७० मध्ये २२ लाख होती, २०२० मध्ये ५७ लाखांवर गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस व्हेल पासवरून चौपदरी महामार्ग गेला, तो हिवाळाभर बर्फ काढून मोकळा ठेवला जातो. डेन्व्हरहून दोन तासांत माणूस थेट सव्वातीन हजार मीटरवर, बर्फाच्या काठावर गाडी लावतो. दोघांनाही जे रान हवं होतं ते एकच होतं.

आता कायद्याकडे येते. इथे जरा थांबते, कारण प्रकरणाचा सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे.

८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ११६४४ क्रमांकाचा कार्यकारी आदेश काढला. सार्वजनिक जमिनींवर रस्ता सोडून चालणाऱ्या वाहनांना कुठे मुभा आणि कुठे मनाई, हे प्रत्येक संबंधित खात्याने ठरवावं, असा तो आदेश. वाहनाची व्याख्या करताना त्यात जमीन, पाणी, वाळू यांच्या बरोबरीने बर्फाचंही नाव घेतलं होतं. जागा ठरवताना माती आणि झाडोऱ्याचं नुकसान, वन्यप्राण्यांचा छळ आणि इतर मनोरंजनाशी होणारा संघर्ष, हे तिन्ही कमीत कमी होतील असं पाहायचं आणि आवाजाचाही विचार करायचा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. १९७७ मध्ये जिमी कार्टर यांनी त्याला जोड दिली : मोठं नुकसान होतंय असं दिसलं तर ती जागा त्या वाहनांना लगेच बंद करायची.

म्हणजे १९७२ मध्येच प्रश्न विचारून झाला होता आणि उत्तर शोधायची पद्धतही सांगून झाली होती. तरी राष्ट्रीय जंगलं सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिस या खात्याने देशभरासाठी वाहनांचा सविस्तर नियम केला तो नोव्हेंबर २००५ मध्ये. त्या नियमाने चाकांच्या वाहनांना शिस्त लावली. जीप, क्वाड, मोटारसायकल यांनी नकाशावर दाखवलेल्या रस्त्यांवर आणि ठरलेल्या जागांतच जायचं, बाकी रान बंद. स्नोमोबाईलला मात्र या सक्तीतून वगळलं. स्थानिक अधिकाऱ्याला वाटलं तर त्याने मुभा द्यावी, मर्यादा घालावी किंवा मनाई करावी, नाही वाटलं तर काहीच करू नये. खात्याचं म्हणणं असं की बर्फावरून जाणाऱ्या गाडीचा मातीवर चाकासारखा परिणाम होत नाही. मातीपुरतं ते बरोबरही आहे. पण १९७२ च्या आदेशात मातीखेरीज प्राणी होते, आवाज होता, माणसं होती.

विंटर वाइल्डलँड्स अलायन्स या, यंत्राविना बर्फात जाणाऱ्यांच्या संस्थेने हे आयडाहोच्या संघीय न्यायालयात नेलं. स्नोमोबाईल संघटना फॉरेस्ट सर्व्हिसच्या बाजूने खटल्यात उतरल्या. न्यायाधीश रॉनल्ड बुश यांनी २९ मार्च २०१३ ला निकाल दिला तो संस्थेच्या बाजूने. निकालाचा गाभा सरळ आहे. कुठे मुभा द्यायची आणि कुठे नाही, हे ठरवण्याचं स्वातंत्र्य खात्याला आहे. ठरवायचं की नाही, हे स्वातंत्र्य मात्र खात्याला नाही.

मला हा निकाल मोलाचा वाटतो तो त्यात कोण जिंकलं म्हणून नव्हे. न्यायालयाने एक एकर जमीनही बंद केली नाही. न ठरवणं हाही एक निर्णय असतो, आणि त्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी, एवढंच त्याने कागदावर आणलं. आपल्याकडेही 'तसा काही नियम नाही' या चार शब्दांखाली किती निर्णय गुपचूप होऊन जातात ते आठवून पाहावं.

२८ जानेवारी २०१५ रोजी नवा नियम प्रसिद्ध झाला. ज्या जंगलात पुरेसा बर्फ पडतो तिथे स्नोमोबाईलसाठी रस्ते, वाटा आणि क्षेत्रं नेमून द्यायची, त्यांचा नकाशा लोकांना उपलब्ध करायचा, आणि नकाशावर जे नाही ते बंद. 'बंद म्हटलं नाही म्हणजे खुलं' ही जुनी रीत उलटली. मात्र दोन फटी राहिल्या. लोकांचं म्हणणं ऐकून पूर्वी घेतलेले निर्णय तसेच चालू ठेवता येतात. आणि नेमून दिलेलं क्षेत्र रेंजर डिस्ट्रिक्टपेक्षा, म्हणजे जंगलाच्या एका प्रशासकीय विभागापेक्षा, लहान असावं एवढीच अट आहे. एक रेंजर डिस्ट्रिक्ट कित्येक लाख एकरांचा असू शकतो, त्यामुळे 'लहान' या शब्दात बरंच काही मावतं.

या नियमाखाली सगळ्यात आधी कामाला लागलं ते कॅलिफोर्नियातलं लासेन नॅशनल फॉरेस्ट. तिथे पार्श्वभूमी वेगळी होती. राज्याच्या पैशांतून स्नोमोबाईलच्या वाटा दाबून सपाट केल्या जात होत्या, पण त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होतो हे नीट तपासलं नव्हतं, म्हणून २०११ मध्ये दावा झाला. २०१३ च्या तडजोडीत सिएरा भागातल्या पाच जंगलांनी, म्हणजे एल्डोराडो, लासेन, प्लुमस, स्टॅनिस्लाउस आणि टाहो यांनी, हा अभ्यास करायचं मान्य केलं. बर्फ किमान किती खोल असला की स्लेड चालू द्यायची, इथून चर्चेला सुरुवात झाली. बारा इंचांचा आकडा पुढे आला. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत जाणारी पायवाट याच डोंगरांतून जाते, आणि १९६८ च्या राष्ट्रीय पायवाटांच्या कायद्यानुसार तिच्यावरून मोटार चालवता येत नाही. पण बर्फाखाली पायवाट दिसत नाही. ती ओलांडायची कुठे, हे ठरवायलाच कितीतरी बैठका गेल्या. एकेका जंगलाला वर्षानुवर्षं लागली.

व्हेल पास या सगळ्याच्या पुढे होता, आणि तोही कुठल्या न्यायालयाने ढकललं म्हणून नाही. इथे गर्दीनेच लोकांना टेबलाशी बसवलं. स्की करणारे, स्लेडवाले, हट चालवणारे, गाईड आणि फॉरेस्ट सर्व्हिस यांचा टास्क फोर्स बनला. नकाशे पसरून दरी-दरीने बोलणी झाली. काही क्षेत्रं मोटारबंद, काही मोटारींसाठी खुली, आणि काही वाटा सामाईक असं त्यातून ठरलं. २०११ मध्ये व्हाइट रिव्हर फॉरेस्टचा वाहनांविषयीचा सविस्तर आराखडा आला. दोन बाजूंना तर कायद्यानेच भिंत आहे. उत्तरेला ईगल्स नेस्ट आणि पश्चिमेला होली क्रॉस ही १९७६ आणि १९८० मध्ये घोषित झालेली विल्डरनेस क्षेत्रं, आणि विल्डरनेसमध्ये १९६४ च्या कायद्याने इंजिनाला मज्जाव आहे. 'स्कीवाल्यांना विल्डरनेस आहे की, मग इथे कशाला हवं?' हा स्लेडवाल्यांचा नेहमीचा मुद्दा असतो.

तो मुद्दा मी गंभीरपणे घेते, आणि त्याचं उत्तर अंतरात आहे. स्किन लावून चढणारा माणूस तासाला तीन-चार किलोमीटर जातो. खोल बर्फात वाट पाडायची असेल तर त्याहून कमी. हिवाळ्याच्या आखूड दिवसात त्याची त्रिज्या पाच-सहा किलोमीटर, कारण परतही यायचं असतं. स्लेडवाला तेवढं अंतर दहा मिनिटांत कापतो आणि दिवसात अख्खी दरी फिरून येतो. म्हणून गाडी लावतो त्या जागेजवळचं रान पायी जाणाऱ्यांसाठी राखणं आणि लांबचं यंत्रांना देणं, ही वाटणी दोघांनाही खरोखर काही देते. उलट केली तर नकाशावर हिरवा रंग दिसतो, पण तिथे पोचू शकणारं कोणी नसतं. पार्किंगपासून पंधरा किलोमीटरवरचा मोटारबंद डोंगर हा एका दिवसासाठी आलेल्या स्कीवाल्याला दिलेला नाहीच. किती एकर कोणाला मिळाले, याची बेरीज करून समता मोजणाऱ्यांनी हे एकदा स्वतः चालून पाहावं.

व्हेल पासवर ही अडचण पूर्ण सुटलेली नाही. बाहेर पडायची मुख्य वाट एकच, श्राइन पास रोड. उन्हाळ्यात हा ११,०८९ फुटांवरच्या श्राइन पासवरून रेड क्लिफ गावाकडे उतरणारा कच्चा रस्ता असतो. हिवाळ्यात तोच सगळ्यांचा सामाईक मार्ग बनतो. पासवरून होली क्रॉस शिखर दिसतं, घळींत साचलेल्या बर्फाचा क्रॉस असलेलं, म्हणूनच हे 'श्राइन', म्हणजे देवस्थान, नाव. सामाईक वाटेवर वेग, उजवी बाजू, वळणावर इंजिन मंद करणं, हे सगळं संकेतांवर चालतं. मोटारबंद क्षेत्राची हद्द म्हणजे बर्फात रोवलेला खांब आणि त्यावरची पाटी. दोन फूट नवा बर्फ पडला की पाटी छातीवरून गुडघ्यावर येते. ती पुन्हा वर काढायला माणूस लागतो, गस्त लागते, वाटा दाबणारं यंत्र लागतं. हा सगळा खर्च कुठून येतो?

इथे पासचा संबंध येतो. १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने फॉरेस्ट सर्व्हिसला प्रायोगिक शुल्क घ्यायची आणि त्यातला किमान ८० टक्के भाग त्याच जागेवर खर्च करायची मुभा दिली. व्हेल पासवर शुल्क आलं ते याच वाटेने. पैसे देऊन जंगलात जायचं हे अनेकांना खटकतं, आणि मलाही तत्त्व म्हणून ते फारसं पटत नाही. पण इथे त्यातून एक चांगली गोष्ट झाली. एरवी कोलोरॅडोत वाटा दाबायचा खर्च मुख्यतः स्नोमोबाईलच्या नोंदणी शुल्कातून निघतो. स्लेडवाले म्हणतात, आम्ही पैसे भरतो, तुम्ही फुकट चालता आणि वर आम्हालाच हाकलता. त्यात तथ्य आहे. व्हेल पासवर दोघंही सारखाच पास घेतात, त्यामुळे टेबलाशी कोणी कोणाचं मिंधं नसतं.

एका सकाळी पार्किंगमध्ये माझ्या गाडीची बॅटरी बसली. शेजारच्या ट्रेलरवाल्या गृहस्थांनी केबल लावून दिली. साठीचे असावेत. गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालेली. ते म्हणाले, "मी तिशीत याच डोंगरावर स्की केलंय. आता स्लेड नसती तर हा डोंगर मला फक्त गाडीच्या काचेतून दिसला असता." मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्या बाजूला मी जात नाही. पाटी दिसते ना, मग झालं." त्या 'पाटी दिसते ना' मध्ये मला या सगळ्या व्यवस्थेचं यश दिसलं. पाटी नसती तर ते वाईट माणूस झाले नसते, पण कुठे थांबायचं हे त्यांना कळलं नसतं. दुसरी गोष्टही खरी की डोंगरात कोणी हरवलं, हिमस्खलनात सापडलं, तर शोधायला जाणाऱ्या स्वयंसेवकांत स्लेडवाले आघाडीवर असतात.

आणि मग तिसरा पक्ष आहे, ज्याचा दोन खुर्च्यांच्या टेबलावर विचारच नव्हता : स्लेडने वर जायचं आणि स्कीने किंवा स्नोबोर्डने खाली यायचं. एक जण चालवतो, बाकीचे दोरीला धरून मागे. याला इथे 'हायब्रिड' म्हणतात. व्हेल पासने यासाठी वेगळी क्षेत्रं राखली, जिथे यंत्र ठरलेल्या वाटेने वर नेता येतं पण उतारावर फक्त स्की. मला ही या आराखड्यातली सगळ्यात बुद्धीची गोष्ट वाटते. लोक प्रत्यक्षात काय करतात ते पाहून नियम लिहिला आहे.

आतापर्यंत मी माणसांविषयीच बोलले. या रानात राहणारे मात्र हिवाळ्यात जीव वाचवण्याच्या हिशोबावर जगतात. मूस आणि एल्क या मोठ्या हरणांच्या अंगावर उन्हाळ्यात साठवलेली चरबी असते आणि मार्च-एप्रिलपर्यंत ती पुरवायची असते. विनाकारण पळवलेली प्रत्येक धाव त्या साठ्यातून जाते. कोलोरॅडोतून नाहीसा झालेला कॅनडा लिंक्स हा रानमांजराच्या जातीचा प्राणी १९९९ ते २००६ या काळात राज्याने बाहेरून आणून सोडला, एकूण २१८ जनावरं. व्हेल पासचा परिसर त्यांच्या उत्तर-दक्षिण ये-जा करण्याच्या वाटेवर येतो. लिंक्सचे पंजे स्नोशूसारखे रुंद असतात. भुसभुशीत बर्फावर तो ससा गाठू शकतो, कोल्हा आणि त्याच्याच कुळातला कायोटी रुततात. दाबलेली वाट झाली की हा फरक कमी होतो आणि कायोटीला आत शिरायला रस्ता मिळतो, अशी भीती तज्ज्ञांनी मांडली आहे. पायाखालच्या बर्फाच्या तळाशी, जमीन आणि बर्फ यांच्यामधल्या पोकळीत उंदीर आणि चिचुंद्र्या हिवाळा काढतात. वरचा थर दाबला की ती पोकळी बसते.

आणि इथे स्की करणाऱ्यांनी स्वतःकडे पाहायला हवं. आयडाहो, वायोमिंग आणि मोंटानात वुल्व्हरीन या बर्फाळ रानातल्या मांसाहारी प्राण्यावर कित्येक वर्षं चाललेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्लेडवाल्यांनी आणि स्कीवाल्यांनी स्वतः जीपीएस यंत्रं खिशात बाळगून आपले हजारो माग दिले. निष्कर्ष असा की वुल्व्हरीन दोघांनाही टाळतो, आणि माद्या जास्त टाळतात. इंजिन नसलेला माणूसही त्या प्राण्याच्या लेखी माणूसच. मी हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण 'आम्ही निरुपद्रवी' हे माझं मनातलं सगळ्यात लाडकं समर्थन होतं. म्हणून मोटारबंद म्हणजे प्राण्यांसाठी सुरक्षित असं समजून चालत नाही. काही दऱ्या दोघांसाठीही बंद राहायला हव्यात, निदान पिल्लांच्या हंगामात. ही मागणी स्कीवाल्यांच्या बैठकांत मी दोनदा मांडली. दोन्ही वेळा विषय पुढच्या बैठकीवर गेला. तरी मांडत राहणार आहे.

गेल्या काही वर्षांत विजेवर चालणाऱ्या स्नोमोबाईल आल्या आहेत. धूर नाही, आवाज जवळजवळ नाही. पार्किंगमध्ये लोक विचारू लागलेत की आता वाटा वेगळ्या कशाला? नियमाच्या दृष्टीने ती मोटारच आहे, त्यामुळे पाटी तिलाही लागू. पण प्रश्न योग्य आहे. आवाज गेला तरी वेग राहतो, वीस मिनिटांत संपणारा उतार राहतो, दाबलेली वाट राहते. आणि आवाजाशिवाय मागून येणारी स्लेड सामाईक वाटेवर जास्त धोक्याची ठरू शकते, कारण आज आम्ही बाजूला होतो ते कानांच्या भरवशावर. टास्क फोर्सला हे पुन्हा नकाशा पसरून पाहावं लागेल.

या फेब्रुवारीत आम्ही श्राइन पासच्या दिशेने निघालो. रात्री चौदा इंच पडला होता. वाट फुटते तिथला खांब जवळजवळ बुडालेला, पाटीचा नुसता वरचा कोपरा दिसत होता. आमच्या पुढे दोन स्लेड थांबलेल्या. चालवणारी मुलगी खाली उतरून, गुडघ्यांवर बसून हातमोज्यांनी पाटीभोवतीचा बर्फ बाजूला करत होती. आम्ही पोचलो तेव्हा पाटी अर्धी मोकळी झाली होती. मीही सॅकमधून फावडं काढलं. पाच मिनिटांत काम झालं. ती स्लेडवर बसली, डावीकडे वळली. आम्ही उजवीकडे वळून झाडांत शिरलो. थोडा वेळ इंजिन ऐकू येत होतं, मग फक्त स्की सरकल्याचा आवाज.